एकच साचा, तीन नखरे

आर्थर सीटला गेलात की एक प्रकार हमखास बघायला मिळतो. कुणीतरी पाण्याच्या बाटलीचं झाकण दरीत फेकतं, ते खाली जायच्या ऐवजी गिरक्या घेत परत वर येतं आणि कठड्यापाशी उभे असलेले सगळे ‘ओऽऽ’ करत मोबाइल काढतात. डिसेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी आम्ही पाच जण तिथं उभे होतो आणि माझ्या सॅकमध्ये तीन डिस्क होत्या. झाकण परत येतं तर डिस्क का नाही येणार, असा प्रश्न ग्रुपमधल्या एकाला पडला. त्याला रील हवं होतं. डिस्क माझ्या नव्हत्या, त्यामुळे मी सॅक पोटाशी धरून उभी राहिले.

नंतर विचार केला तेव्हा कळलं, की बरंच झालं. कोकणातून येणारा वारा सावित्रीच्या खोऱ्यातून थेट कड्यावर येऊन आदळतो. पुढं जायला वाट नाही, म्हणून तो वर चढतो. दोन-तीन ग्रॅमचं झाकण किंवा सुकलेलं पान त्याला सहज उचलता येतं. पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपासची, धारदार कडेची डिस्क मात्र त्याच्या आवाक्यातली नाही. ती गेली असती ती गेलीच असती. (आणि झाकणंसुद्धा सगळी परत येत नाहीत बरं का. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे आणि तिथं आपण ‘गंमत’ म्हणून दरीत प्लास्टिक सोडतोय.)

आता या डिस्क कुठून आल्या ते सांगते. माझा चुलत भाऊ अमेरिकेत असतो आणि तिथं त्याला डिस्क गोल्फचं वेड लागलंय. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त बॉलच्या जागी फ्रिस्बीची चुलत बहीण आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लटकवलेली बास्केट. कमीत कमी थ्रोमध्ये डिस्क बास्केटमध्ये टाकायची. आपल्याकडे फ्रिस्बी म्हटलं की अल्टिमेट आठवतं, निदान कॉलेजच्या ग्राउंडवर संध्याकाळी खेळणारी पोरं तरी. अल्टिमेटची डिस्क रुंद असते, तरंगत जाते. डिस्क गोल्फमध्ये लांब फेकायला जी वापरतात ती ‘ड्रायव्हर’. ती लहान, कडेला जाड आणि सुरीच्या पात्यासारखी निमुळती असते. ही निमुळती कड १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेसनं आणली, त्याच वर्षी इनोव्हा कंपनी सुरू झाली आणि तिथून या खेळाचा सगळा नूरच बदलला.

दादा सुट्टीला आला तेव्हा त्यानं तीन ड्रायव्हर आणले आणि परत जाईपर्यंत माझ्याकडे खेळायला ठेवले. तिन्ही इनोव्हाच्याच, तिन्हींचं नाव एकच : व्हॅल्किरी. साचा एक. फरक फक्त प्लास्टिकचा. एक डीएक्स, एक स्टार, एक चॅम्पियन. मला वाटलं, हे मोबाइलच्या कव्हरसारखं असेल. रंग वेगळा, किंमत वेगळी, आतला फोन तोच. तसं अजिबात नाहीये.

हातात घेतल्यावरच पहिला फरक कळतो. डीएक्स हे सगळ्यात स्वस्त, साधं प्लास्टिक. बादलीच्या झाकणासारखं वाटतं, पण हाताला छान चिकटून बसतं. चॅम्पियन कडक आणि अर्धपारदर्शक, उजेडात धरली तर लिमलेटच्या गोळीसारखी दिसते. स्टार या दोघींच्या मधली. अपारदर्शक, किंचित रबरी, पकड चांगली. चॅम्पियन आणि स्टारला साध्या प्लास्टिकच्या जवळपास दुप्पट पैसे पडतात.

यातली डीएक्स जुनी होती. कडेला चरे, वरचा शिक्का पुसलेला, मागं मार्करनं लिहिलेलं दादाचं नाव अर्धं उडालेलं. स्टार बऱ्यापैकी वापरलेली, चॅम्पियन कोरी करकरीत. साहजिकच सगळ्यांचा डोळा चॅम्पियनवर.

ओळखीतून महाबळेश्वरातल्या एका शाळेचं मैदान मिळालं. एका बाजूला जांभ्या दगडाची कंपाउंड वॉल आणि तिच्यापलीकडे उतारावरचं जंगल. फेकायचं काम आमच्यातल्या अल्टिमेट खेळणाऱ्याकडे दिलं, कारण बाकीच्यांचे थ्रो दर वेळी वेगळ्याच दिशेला जात होते आणि त्यात दोष प्लास्टिकचा की आमचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. प्रत्येक डिस्क दहा वेळा, शक्य तितक्या सारख्या जोरानं, उजव्या हाताच्या बॅकहँडनं.

इथं थोडं सायन्स. कंटाळा करू नका, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. प्रत्येक डिस्कवर चार आकडे असतात. व्हॅल्किरीचे आहेत ९, ४, -२, २. पहिला स्पीड, म्हणजे नीट उडण्यासाठी ती किती वेगानं सुटायला हवी. दुसरा ग्लाइड, हवेत किती वेळ टिकते. तिसरा टर्न : सुरुवातीला, वेगात असताना, ती उजवीकडे किती झुकते. चौथा फेड : शेवटी वेग मंदावल्यावर डावीकडे किती ओढते. (हे उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

ती झुकते का? भोवरा आठवा. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूनं ढकललं तर तो समोर न पडता काटकोनातल्या बाजूला कलतो. डिस्कचंही तसंच. वेगात असताना हवेचा उचल देणारा जोर तिच्या मध्यबिंदूच्या जरा मागे पडतो, नाक खाली दाबलं जातं, पण डिस्क गरगर फिरत असल्यामुळे प्रत्यक्षात ती उजवीकडे कलते. वेग कमी झाला की तोच जोर मध्याच्या पुढं सरकतो आणि डिस्क डावीकडे वळते. तो जोर कधी, किती सरकणार हे कडेच्या आकारावर ठरतं. अगदी बारीक आकारावर.

आणि प्लास्टिकचा खेळ इथंच आहे. डिस्क बनवताना गरम, वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरतात. थंड होताना प्रत्येक प्लास्टिक वेगवेगळं आकसतं. त्यामुळे साचा तोच असला तरी बाहेर आलेल्या डिस्कचा घुमट कमी-जास्त फुगलेला असतो आणि कडेवरची जोडरेघ किंचित वर किंवा खाली असते. आम्ही स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाता खाता तिन्ही डिस्क टेबलवर शेजारी शेजारी ठेवून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघितल्या. चॅम्पियनची रेघ वर, डीएक्सची खाली, स्टार मध्ये. फरक नखाच्या जाडीएवढासुद्धा नाही. वेटरनं आमच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते जाऊ दे. पण रेघ जितकी वर तितकी डिस्क डावीकडे ओढणार, हा या खेळातला ठोकताळा मैदानावर तंतोतंत दिसला.

म्हणजे काय दिसलं? चॅम्पियन उजवीकडे वळायलाच तयार नव्हती. सरळ गेली आणि मग डावीकडे आपटी. दहाच्या दहा वेळा. स्टार थोडी समजूतदार. जराशी उजवीकडे, मग परत डावीकडे, आणि चॅम्पियनपेक्षा पाच-सात पावलं पुढं. आणि ती रडकी डीएक्स? ती उजवीकडे लांबलचक वळण घ्यायची, आता गेली असं वाटेपर्यंत जायची, आणि शेवटी हळूच सरळ होऊन तिन्हींत सगळ्यात लांब उतरायची. तरी सत्तरेक मीटरच, फुशारकी नको. २००२ मध्ये स्वीडनच्या क्रिस्टियन सँडस्ट्रॉमनं कॅलिफोर्नियात २५० मीटर फेकून विश्वविक्रम केला, तोही व्हॅल्किरीच होती.

रात्री दादाला व्हिडिओ कॉल केला तेव्हा उलगडा झाला. कोरी डीएक्स एवढी वळत नाही. मऊ प्लास्टिकची कड झाडांवर, दगडांवर आपटून हळूहळू झिजते, आणि जितकी झिजते तितकी ती उजवीकडे जास्त वळायला लागते. चॅम्पियनला तिथं पोचायला खूप काळ लागतो, म्हणून ती महाग आणि टिकाऊ. पण नवशिक्यांचा हात कमी वेगाचा. स्पीड ९ ची डिस्क आपण स्पीड ९ नं फेकतच नाही, मग ती टर्न दाखवणार कुठून? आपल्याला तिचा फक्त शेवट दिसतो, डावीकडची आपटी. महागातलं प्लास्टिक घेऊन ‘ही डिस्कच बेकार’ म्हणणाऱ्यांत मीही होते. पहिली डिस्क घ्यायची असेल तर स्वस्तातली घ्या, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

यात महाबळेश्वरनं आपली भर घातली ती वेगळीच. गाव साधारण १३७० मीटर उंचीवर. इथली हवा पुण्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. विरळ हवेत डिस्कला आपण आणखी हळू फेकलंय असं वाटतं, म्हणजे टर्न कमी, फेड जास्त. चॅम्पियनचा अडेलपणा त्यामुळे वाढला. त्यात सकाळची थंडी. थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं आणि दवानं ओली चॅम्पियन साबणाच्या वडीसारखी निसटते. आणि जांभा! पुण्यातल्या हिरवळीवर कित्येक आठवडे खेळून जेवढे चरे पडले नव्हते तेवढे त्या खडबडीत भिंतीनं एका दिवसात पाडले. डीएक्सचे तर अक्षरशः सालपटं निघालेली दिसत होती.

प्रामाणिकपणे सांगायचं तर आमची टेस्ट काही शास्त्रीय नव्हती. मागच्या बाजूला वजन लिहिलेलं असतं हे आम्हाला दुपारी कळलं, आणि डीएक्स बाकीच्या दोघींपेक्षा हलकी निघाली. म्हणजे ती लांब जाण्यात थोडा वाटा वजनाचाही होता. शिवाय एक थकलेला खांदा.

प्लास्टिकवरून आठवलं. डिस्क गोल्फची बास्केट तयार करणारे आणि १९७६ मध्ये या खेळाची संघटना उभी करणारे एड हेड्रिक २००२ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. आपल्याकडे अस्थी संगमावर नेतात, यांना हवेत जायचं होतं. मला हे वाचून हसूही आलं आणि जरा बरंही वाटलं.

रविवारी दुपारी निघायच्या आधी ‘शेवटचा एक’ झाला. हे शेवटचे एक नेहमीच घात करतात. वारा बदलला होता, समोरून येत होता. समोरचा वारा म्हणजे डिस्कला मिळालेला फुकटचा वेग, म्हणजे टर्न दुप्पट. हे सगळं आम्हाला तोपर्यंत पाठ झालं होतं, तरी त्यानं हातात घेतली डीएक्सच, कारण ती सगळ्यात लांब जाते ना. ती उजवीकडे वळली. वळतच राहिली. सरळ व्हायची वेळ आली तेव्हा ती भिंतीच्या वर होती आणि मग झाडांच्या पलीकडे.

आम्ही दीड तास शोधली. कारवीच्या झुडपांत, अंजनीच्या बुंध्यांशी, गुडघाभर पाचोळ्यात. पिवळी डिस्क पिवळ्या पानांत. ऊन उतरायला लागल्यावर शाळेच्या वॉचमनकाकांनी हाक मारून वर बोलावलं. संध्याकाळी त्या उतारावर गवे येतात, आता थांबू नका म्हणाले. त्यांच्याकडे माझा नंबर ठेवलाय. कड्यावरून जे प्लास्टिक मी हट्टानं टाकू दिलं नाही ते शेवटी त्याच जंगलाच्या रानात माझ्याच हौसेपायी गेलं.

पुण्यात पोचल्यावर दादाला फोन केला. एक डिस्क हरवली म्हटल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, “कुठली?” मी म्हटलं, डीएक्स, जुनीच होती, तुला नवीन मागवून देते, फार महाग नाहीये. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

“नवीन मिळेल गं,” तो म्हणाला, “पण तशी व्हायला सहा वर्षं लागली होती.”