तीस सेकंदांचा खेळ

मल्लांच्या आखाड्यात बळाची आणि डावपेचांची परीक्षा होते. शब्द आणि संख्या यांचाही असाच एक आखाडा आहे. त्यात उतरणाऱ्याजवळ एक कागद, एक लेखणी आणि अवघी तीस सेकंदे असतात. समोर प्रतिस्पर्धी बसलेला असतो आणि हजारो प्रेक्षक आपापल्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसून तेच कोडे सोडवीत असतात. या खेळात जिंकणाऱ्यास धन फारसे मिळत नाही. तरीही त्यात भाग घ्यावा म्हणून लोक वर्षानुवर्षे तयारी करतात. असे या खेळात आहे तरी काय?

या खेळाचा जन्म फ्रान्समध्ये झाला. १९६५ साली तेथील दूरचित्रवाणीवर ‘सर्वांत लांब शब्द’ अशा अर्थाच्या नावाचा एक कार्यक्रम सुरू झाला. आर्मां जामो हे त्याचे जनक होत. १९७२ साली शब्दांना संख्यांची जोड मिळाली आणि कार्यक्रमाला ‘अंक आणि अक्षरे’ या अर्थाचे नवे नाव लाभले. पन्नासांहून अधिक वर्षे चालून २०२४ साली तो बंद झाला. दरम्यान हा खेळ इंग्लंडमध्ये पोहोचला होता. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘चॅनेल फोर’ ही नवी वाहिनी तेथे सुरू झाली, तेव्हा तिने सादर केलेला पहिला कार्यक्रम हाच होता. त्याचे इंग्रजी नाव ‘काउंटडाउन’.

त्याचे नियम सोपे आहेत. अक्षरांच्या फेरीत स्पर्धक एकेक स्वर किंवा व्यंजन मागतो. कोणता स्वर वा कोणते व्यंजन येईल, हे मात्र त्याच्या हाती नसते. अशी नऊ अक्षरे फलकावर लागली की घड्याळ सुरू होते. त्या नऊ अक्षरांतून शक्य तितका लांब शब्द तयार करावयाचा. शब्दात जितकी अक्षरे तितके गुण; नऊही अक्षरे वापरली तर दुप्पट, म्हणजे अठरा गुण. ज्याचा शब्द अधिक लांब, त्यालाच गुण मिळतात. दोघांचे शब्द सारख्याच लांबीचे असतील, तर दोघांनाही मिळतात.

वेळ संपताच स्पर्धक आपला शब्द लगेच सांगत नाहीत. आधी ते केवळ त्याची लांबी जाहीर करतात. एकदा ‘आठ’ असे म्हटले की मागे फिरता येत नाही. आठ अक्षरांचा तो शब्द कोशात सापडला नाही, तर एकही गुण मिळत नाही. खात्रीचा सहा अक्षरांचा शब्द हाताशी होता, ही सबब चालत नाही. म्हणून या फेरीत शब्दसंपत्तीइतकीच आणखी एका गुणाची कसोटी लागते. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक असल्यासारखे नुसते वाटते, यांतील भेद त्या क्षणी ओळखावा लागतो. शब्दाचा निवाडा बुलंद आवाजाने होत नाही, तो कोशाच्या पानावर होतो.

संख्यांच्या फेरीत सहा आकडे निवडावयाचे असतात. २५, ५०, ७५ आणि १०० हे चार ‘मोठे’ आकडे. आणि १ ते १० हे ‘लहान’ आकडे प्रत्येकी दोनदा. निवड झाली की यंत्र तीन अंकी लक्ष्यसंख्या दाखविते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांच्या साहाय्याने तेथवर पोहोचावयाचे. प्रत्येक आकडा एकदाच वापरता येतो. सर्व आकडे वापरलेच पाहिजेत असे नाही. लक्ष्य अचूक गाठले तर दहा गुण, पाचांच्या आत पोहोचले तर सात, दहांच्या आत पोहोचले तर पाच.

समजा, ७५, ५०, ९, ८, ३ आणि २ हे आकडे मिळाले आणि लक्ष्य आहे ६३१. अननुभवी माणूस आकडे वाटेल तसे जुळवीत बसतो आणि वेळ निघून जातो. सरावलेला स्पर्धक आधी लक्ष्याच्या आसपास जाणारी वाट शोधतो. ७५ ला ९ ने गुणले की ६७५ होतात. त्यातून ५० वजा केले की ६२५. त्यात ८ मिळविले की ६३३ आणि २ वजा केले की ६३१. तीनचा आकडा तसाच राहिला, तरी बिघडत नाही. आधी जवळ जावे, मग उरलेले अंतर भरून काढावे, हीच या फेरीची रीत होय.

या रीतीला कल्पकतेची जोड मिळाली की काय घडते, हे १९९७ साली प्रेक्षकांनी पाहिले. आकडे होते २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. लक्ष्य होते ९५२. एका स्पर्धकाने १०० मध्ये ६ मिळविले, त्या १०६ ला ३ ने गुणून ३१८ केले आणि ३१८ ला ७५ ने गुणून २३,८५० ही संख्या गाठली. तीन अंकी लक्ष्यासाठी हा माणूस एवढ्या दूर कोठे चालला आहे, असेच पाहणाऱ्यांना वाटले असेल. परंतु त्याने त्यातून ५० वजा केले, उरलेल्या २३,८०० ला २५ ने भागले आणि उत्तर आले बरोबर ९५२! त्याने सहाही आकडे वापरले होते. भागाकार अगदी शेवटी ठेवल्यामुळे २५ हा एकच आकडा दोन कामे करून गेला: त्याने गुणाकार लहान केला आणि ५० चे २ केले. ही आकड्यांशी असलेली जुनी ओळख होती.

अखेरच्या फेरीत नऊ अक्षरांच्या एका शब्दाची अक्षरे उलटसुलट करून दाखवितात. जो आधी घंटी वाजवितो, त्याला उत्तर देण्याचा मान मिळतो. उत्तर चुकले, तर त्याची संधी संपते आणि उरलेला वेळ प्रतिस्पर्ध्याचा होतो. विजेत्याचे पारितोषिक म्हणून चहाची एक किटली ठरलेली आहे. तर संपूर्ण मालिका जिंकणाऱ्यास अनेक वर्षे वीस खंडांचा ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोश मिळत असे.

महाराष्ट्राला दूरचित्रवाणीवरील ज्ञानस्पर्धा अपरिचित नाहीत. २०१३ साली ‘कोण होईल मराठी करोडपती’ हा कार्यक्रम मराठीतून सुरू झाला. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांनी, शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजविण्याचे काम करीत असताना, हिंदीतील अशाच स्पर्धेत एक कोटी रुपये जिंकले. त्या स्पर्धांत बहुश्रुततेची परीक्षा होते. चार पर्यायांपैकी योग्य तो ओळखावा लागतो. शब्द आणि संख्यांच्या खेळात पर्याय कोणीही पुढे ठेवीत नाही. उत्तर स्वतः घडवावे लागते.

मग हा खेळ मराठीत खेळता येईल का? येईल, पण नियम जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. इंग्रजीत स्वर आणि व्यंजने वेगवेगळी लिहितात. मराठीत स्वर व्यंजनाच्या अंगावर मात्रा, वेलांटी किंवा उकार होऊन बसतो. म्हणून मराठीत व्यंजने तेवढी द्यावीत आणि स्वरचिन्हे खेळाडूंच्या इच्छेवर सोडावीत, हे बरे. नवी मुंबईतील नेरूळजवळ खाडीकाठी सारसोळे नावाचे जुने गाव आहे. त्या गावाच्या नावात स, र, स आणि ळ ही चार व्यंजने आहेत. तेथील एखाद्या वर्गाने फळ्यावर ती लिहून खेळ मांडला, तर सरळ, सारस, सरस, सुरस, रसाळ, सुरळी असे शब्द पाहता पाहता निघतील. कोणी ‘सरळसा’ म्हणेल, तर चारही व्यंजने वापरली जातील. पण ‘सा’ हा प्रत्यय लागलेला शब्द ग्राह्य मानावा की नाही? असा वाद निघाला की मुले आपोआप व्याकरणाकडे वळतील आणि कोश उघडतील. निवाड्यासाठी मराठीत कोशांची उणीव नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. दाते आणि कर्वे यांनी संपादिलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध झाला.

संख्यांच्या बाबतीत तर मराठी माणसाला भाषेचेच साहाय्य आहे. जुन्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ करून घेत. आपण ७५ ला पाऊणशे म्हणतो, तेव्हा ती संख्या शंभराचे तीन चतुर्थांश आहे हे शब्दच सांगतो. नऊ वेळा पाऊण म्हणजे पावणेसात. म्हणून नऊ वेळा पाऊणशे म्हणजे पावणेसातशे. वर ७५ ला ९ ने गुणून जे ६७५ आले, ते ज्याला पाऊणकी येते त्याला कागदावर मांडावेही लागत नाहीत.

संख्यांशी खेळण्याचा हा छंद किती दूर नेतो, याचे उदाहरण देवळालीच्या शाळेतील एका शिक्षकाने घालून दिले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा. १९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचा विलक्षण गुण आढळला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. सर्व अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. ‘काउंटडाउन’चे जन्मवर्ष १९८२ घेऊ. ९८२१ मधून १२८९ गेले, उरले ८५३२. ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४! कापरेकरांपुढे घड्याळ नव्हते, प्रेक्षकही नव्हते. आकड्यांची ओढ मात्र तीच होती.

तीस सेकंदांत कोणी नवे काही शिकत नाही. त्या अल्प अवधीत जे प्रकट होते, ते आधीच्या अनेक वर्षांत साठविलेले असते: वाचताना अडलेला आणि कोशात पाहिलेला एखादा शब्द, वही न उघडता मनात केलेला एखादा गुणाकार. हा संचय करण्यासाठी दूरचित्रवाणीवर जाण्याची गरज नाही. दोन मित्र, एक फळा, एक कोश आणि आपल्याजवळ आहे तेवढेच सांगण्याचा प्रामाणिकपणा असला की खेळ कोणत्याही गावी मांडता येतो.