पायडलास जखडणारा जोडा

गेल्या ज्येष्ठात आमच्या धाकट्या पुतण्याने सायकलीसाठी खास जोडे विकत आणले. किंमत सात हजार रुपये! आमच्या मातुःश्रींनी त्यांतला एक उलटा करून पाहिला. तळ फळीसारखा टणक आणि चवड्याखाली प्लॅस्टिकचा एक त्रिकोणी तुकडा. "हे घालून चालायचे कसे रे?" त्यांनी विचारले. "आजी, हे चालायचे नव्हेतच," असे म्हणून चिरंजीव हसले. ह्या प्रश्नाचे मोल आम्हांस श्रावणात कळले.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड सायकलीने पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. अशी उदाहरणे समोर असता घरोघरची मुले इमामपूर नि करंजीचे घाट चढू लागली, तर नवल नाही. पण त्यांच्या जोड्यांविषयी वडीलधाऱ्यांस काहीच ठाऊक नसते. आम्हांसही नव्हते.

ह्या पायडलास 'क्लिपलेस' म्हणतात, म्हणजे क्लिपविना; आणि पाय तर त्यात पक्का अडकतो! पूर्वी शर्यतीचे स्वार पायडलावरच्या पिंजऱ्यात पाय घालून वादी आवळीत. तो पिंजरा गेला म्हणून हे नाव पडले. बर्फावरील घसरपट्ट्यांची बंधने करणाऱ्या फ्रान्सच्या लुक कंपनीने तीच युक्ती १९८४ साली पायडलास लावली आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने ती वापरून 'टूर द फ्रान्स' जिंकली. जोड्याच्या तळास स्क्रूंनी बसविलेली पट्टी, म्हणजे क्लीट, दाबताच पायडलात बसते. टाच बाहेर वळविली की सुटते. टाच वळवावयाची आठवण वेळेवर झाली नाही, तर स्वार सायकलीसह आडवा होतो.

श्रावणात करंजीच्या वाटेवर पुतण्याची ट्यूब फुटली. जवळची दुसरीही फाटकी निघाली. रस्त्याकडेच्या काळ्या मातीतून गावापर्यंत पायपीट घडली. ती चिकण माती क्लीटच्या खाचांत घट्ट बसली, आणि उघड्या प्लॅस्टिकच्या कडा पुढे डांबरावर घासून झिजल्या. परतताना चौकात उजवा पाय सुटेना. मनगटास पंधरा दिवस पट्टी बांधावी लागली. ट्रक मागे नव्हता, हे दैव!

तेव्हा निवडीचा पहिला प्रश्न मातुःश्रींचाच. कोरड्या, सरळ रस्त्यावर तासन्‌तास बसून जावयाचे असेल, तर तीन स्क्रूंचे कठीण तळाचे जोडे उत्तम. पण आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याकडे, भंडारदऱ्याच्या पावसात जाणाऱ्याने, किंवा वाटेत उतरणाऱ्याने, दोन स्क्रूंचे घ्यावेत. शिमानो ह्या जपानी कंपनीने १९९० साली ही पद्धत आणली. तिची क्लीट लहान, पोलादी, आणि तळाच्या खाचेत दडलेली. त्यामुळे चालता येते. जोडा सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असता, घालून पाहावा. कृत्रिम कातडे पुढे सैल होत नाही.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. अडकलेल्या पायास थोडे वळता यावे म्हणून क्लीटमध्ये मोकळीक ठेवलेली असते आणि ती रंगावरून ओळखतात. येथे मोठी गफलत होते. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या पद्धतीत तांबडी क्लीट मुळीच वळू देत नाही, पिवळी सहा अंश देते; लुकच्या 'किओ'मध्ये तांबडीच सर्वांत मोकळी, नऊ अंशांची, आणि काळी शून्याची! दुकानदार 'तांबडी द्या' एवढ्यावर पुडके काढून देतो. नवशिक्याने मोकळी घ्यावी. गुडघा दुखू लागल्यावर रंग तपासण्यात अर्थ नाही.

पहिल्या जोडीची डागडुजी कापडबाजाराजवळ बसणाऱ्या एका वृद्ध कारागिरांनी केली. उसवलेली शिवण त्यांनी आरीने, मेणवलेल्या दोऱ्याने अशी भरली की मूळची फिकी वाटावी. सुटलेल्या टोकाचा जुना गोंद खरवडून, दोन्ही बाजूंस नवा लावून, तो हातास चिकटेनासा होईपर्यंत थांबून मगच त्यांनी दाबला. ही घाई न करणे हीच निम्मी विद्या. एवढ्यावर ते तळास चुका ठोकणार, तो आम्ही हात धरला. ह्या तळात चूक मारू नये. कार्बनचा तळ तडकला असेल, तर जोडा टाकूनच द्यावा.

क्लीट मात्र घरी बदलता येते. जुनी काढण्यापूर्वी तिच्या कडेने पेनाने रेघ ओढावी, म्हणजे नवी त्याच जागी बसते. स्क्रूच्या डोक्यातील माती सुईने कोरून मगच अ‍ॅलन किल्ली घालावी, नाहीतर खाच गोल होऊन स्क्रू कायमचा रुसतो. आट्यांस ग्रीसचे बोट लावावे. भिजलेले जोडे उन्हात किंवा चुलीपाशी न ठेवता आत रद्दी कोंबून वाळवावेत. उष्णतेने गोंद सुटतो.

आता घरात दोन जोड्या आहेत. भंडारदऱ्यास दोन स्क्रूंची जाते. शिवलेली जोडी पावसाळा सरल्यावर पुणे रस्त्यावर निघते. पुतण्या उंबऱ्याशी आला की मातुःश्री आधी तळ वर करावयास लावतात.