सिलेक्ट कुणावर आहे?

अ‍ॅनालॉग मिक्सरवर हात बसलेला माणूस पहिल्यांदा डिजिटल मिक्सरसमोर उभा राहिला की आधी नॉब शोधतो. जुन्या मिक्सरवर चोवीस चॅनेल म्हणजे चोवीस उभ्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीला गेन, ईक्यू, पॅन सगळं स्वतःचं. इथे चॅनेल ३२ असली तरी गेनचा नॉब एकच आणि ईक्यूचा संचही एकच. मग बाकीची ३१ चॅनेल चालवायची कशी, याचं उत्तर ज्याला नीट कळलं त्याला पुढचं पॅनल अवघड जात नाही.

उदाहरणासाठी बेहरिंगरचा एक्स ३२ घेऊ. २०१२ मध्ये आलेला हा मिक्सर आजही अनेक साउंडवाल्यांकडे दिसतो. त्यावर डावीकडे १६ फेडर, त्यांच्या उजवीकडे ८ आणि कडेला मुख्य आउटपुटचा एक, असे एकूण २५ फेडर आहेत. सगळे मोटरवर चालतात. प्रत्येक फेडरच्या वर म्यूट, नाव दाखवणारी छोटी रंगीत पट्टी, सोलो, लेव्हलचे दिवे आणि सगळ्यात वर सिलेक्ट.

सगळा कारभार या सिलेक्टवर चालतो. गायिकेच्या चॅनेलचं सिलेक्ट दाबलं की पडद्याशेजारचे सगळे नॉब तिच्या आवाजाचे होतात. तबल्याचं दाबलं की तेच नॉब तबल्याचे. चॅनेल बदललं की नॉबभोवतीचे दिवे त्या चॅनेलच्या जागी जाऊन बसतात, त्यामुळे आधीची जागा लक्षात ठेवायची गरज नाही. पण कुठलाही नॉब फिरवण्याआधी सिलेक्ट कुणावर आहे ते पाहायलाच हवं. गायिकेचा बास कमी करतोय असं समजून डग्ग्याचा घुमारा कापणारे हात मी बरेच पाहिले आहेत. नवख्याच्या निम्म्या चुका इथेच होतात.

गायिकेचं चॅनेल सिलेक्ट केलं आहे असं धरू. सुरुवात गेनपासून. गेन उणे १२ पासून अधिक ६० डेसिबलपर्यंत जातो. तिला नेहमीच्या जोरात गायला सांगा आणि मीटर उणे १८च्या आसपास खेळेल इतका गेन द्या. तार सप्तकात गेल्यावरही लाल दिवा लागता कामा नये. नुसतं ‘हॅलो हॅलो’ म्हणवून लावलेला गेन गाणं सुरू झालं की कमी करावा लागतो, आणि ते महागात पडतं, कारण गेन साखळीच्या अगदी तोंडाशी आहे. तो हलवला की समोरच्या स्पीकरबरोबर स्टेजवरच्या प्रत्येक मॉनिटरमधलाही आवाज हलतो. कार्यक्रम सुरू झाल्यावर फेडर वापरा, गेनला हात लावू नका.

गेनजवळच ४८ व्होल्टचं बटण आहे. ते कंडेन्सर माईकसाठी. दाबण्याआधी चॅनेल म्यूट करा, नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येईल. शेजारच्या लो कटने स्टेजवरच्या पावलांची धमधम आणि माईक हाताळल्याची खरखर जाते. गाण्याच्या आवाजाला तो साधारण १०० हर्ट्झवर ठेवला तर बिघडत नाही, डग्ग्याला मात्र लावू नका. पुढे गेट आणि कॉम्प्रेसर येतात. माझं मत विचाराल तर शास्त्रीय गायनाला गेट नकोच, मंद्र सप्तकातले हळुवार स्वर तो खाऊन टाकतो.

ईक्यूचे चार पट्टे आहेत. आधी पट्ट्याचं बटण दाबायचं, मग तीन नॉब: एक जागा ठरवतो, दुसरा रुंदी, तिसरा चढ-उतार. प्रत्येक विभागात व्ह्यू नावाचं छोटं बटण आहे. ते दाबलं की त्या विभागाचं पान पडद्यावर उघडतं आणि पडद्याखालचे सहा नॉब त्या पानाची कामं करू लागतात. ईक्यूच्या पानावर आवाजाचा हलता आलेखही पाहता येतो. शिट्टी बसली की त्यात एक सुळका उभा राहतो, तेवढीच जागा अरुंद करून थोडी खाली घ्या.

मॉनिटरचं गणित वेगळं. पेटीवाल्याला स्वतःची पेटी आणि गायिका हवी, तबलजीला तबला कमी आणि पेटी जास्त. यासाठी १६ बस, म्हणजे प्रत्येकाला वेगळा मिक्स पाठवणाऱ्या वाटा, आहेत. उजवीकडच्या आठ फेडरवर बस आणा, सेंड्स ऑन फेडर दाबा आणि पेटीवाल्याच्या बसचं सिलेक्ट दाबा. डावीकडचे सगळे फेडर सरसर सरकतात. आता ते पेटीवाल्याच्या मॉनिटरमध्ये काय किती जातंय ते दाखवतात. त्याला विचारत, त्याच्याकडे बघत आवाज जुळवा. काम झालं की ते बटण पुन्हा दाबून बंद करा. ते सुरूच राहिलं तर समोरच्यांसाठी गायिका वर घेतोय असं समजून तुम्ही पेटीवाल्याचे कान फोडाल, आणि प्रेक्षकांना काडीचाही फरक कळणार नाही. फेडर एकाएकी अनोळखी जागी दिसले तर आधी या बटणाचा दिवा पाहा.

फेडरच्या बाजूची लेअरची बटणंही अशीच नजरेत ठेवावी लागतात. तेच १६ फेडर एका बटणाने १ ते १६, दुसऱ्याने १७ ते ३२ चॅनेल दाखवतात. म्हणून रंगीत पट्ट्यांवर नावं आधीच भरून ठेवा. ‘सीएच ०७’ वाचून घाईत कुणालाच काही आठवत नाही.

उजव्या फेडरवर डीसीएही आणता येतात. डीसीएतून आवाज जात नाही, डीसीए फक्त जोडलेल्या चॅनेलची लेव्हल दुरून कमी-जास्त करतो. डीसीएचं सिलेक्ट धरून ठेवायचं आणि हव्या त्या चॅनेलचं सिलेक्ट दाबायचं, की ती चॅनेल त्याच्या ताब्यात येतात. कोरसचे सहा माईक एका बोटाने खाली घेता येतात.

सोलोने एकच चॅनेल हेडफोनवर ऐकता येतं, प्रेक्षकांना ते कळत नाही. ऐकून झालं की क्लिअर सोलो दाबा.

सगळं जुळलं की सीन, म्हणजे या सगळ्या जागांची नोंद, सेव्ह करा आणि त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. पुढच्या वेळी त्याच मंडळींसाठी तो उघडला की गेनपासून फेडरपर्यंत सगळं जागेवर येतं. मात्र चालू कार्यक्रमात सीन उघडण्याच्या फंदात पडू नका, कारण म्यूट केलेले माईकही त्याबरोबर उघडू शकतात.