स्प्रिंग घेताना आकडा पाहून घ्या

उसाचे रान मोडून कल्टिव्हेटर घातला की फण कधी दगडाला अडतो, कधी जुन्या बुडख्याला. अडला की मागे झुकतो, अडथळा ओलांडतो आणि परत जाग्यावर येतो. हे काम प्रत्येक फणाला लावलेल्या स्प्रिंगांच्या जोडीचे. ही जोडी मुळातच ताणून बसवलेली असते, म्हणून साध्या मातीत फण हलत नाही. खरा अडथळा आला तरच झुकतो. जोडीतली एखादी मोडली की आपले सभासद बंधू दुकानात जातात आणि "याच लांबीची, पण जरा जाड बघून द्या" म्हणतात. जाड म्हणजे मजबूत, असा साधा हिशेब. तो बरोबर नाही, आणि काही ठिकाणी तर धोक्याचा आहे, म्हणून या अंकात आम्ही स्प्रिंगेविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

स्प्रिंग जितकी ताणावी तितका तिचा ओढ वाढतो, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली मांडला. (आडनावही हूकच, हा योगायोग!) पण ती किती ताठ असेल हे ठरते तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर. यात तारेची जाडी फार जोरकस. जाडी चार वेळा स्वतःशी गुणावी, त्या प्रमाणात ताठपणा वाढतो. ९ मिलिमीटरच्या तारेऐवजी १० मिलिमीटरची घेतली, बाकी सगळे तेच ठेवले, तरी स्प्रिंग दीडपट ताठ होते. नुसत्या डोळ्याला हा एक मिलिमीटर दिसतही नाही! मग अडथळा आला तरी फण झुकत नाही, आणि वाकतो तो फणाचा दांडा किंवा चौकट. वेढ्याच्या व्यासाचे उलटे: तो ५० चा ६० मिलिमीटर झाला की ताठपणा निम्म्याच्या थोडा वर उरतो, आणि फण कठीण रानात सारखा मागे पडून खोली कमी-जास्त होते. एका फणाची एकच स्प्रिंग बदलू नये तेही यासाठीच. जुनी एक आणि नवी एक अशी जोडी फणाला सरळ धरत नाही.

आता आकड्याकडे येऊ. ताणली जाणारी स्प्रिंग बहुधा वेढ्यातून मोडत नाही, आकडा जिथे वळवला आहे तिथे मोडते. वेढ्यातल्या तारेला नुसता पीळ बसतो. आकड्याच्या वळणावर पिळाबरोबर वाकही बसतो, आणि वळण जितके काटकोनी तितका तो जास्त. म्हणून घेताना आकड्याचे वळण गोलसर आहे का, त्यावर पकडीचा ओरखडा नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. ओरखड्यातून आणि गंजाच्या खड्ड्यातून भेग सुरू होते. मोठ्या कामाला वळवलेल्या आकड्याऐवजी टोकाच्या वेढ्यांत आट्यांचा डट्टा फिरवून बसवलेली स्प्रिंगही मिळते, ती बरी.

दुसरा दोष असा की या स्प्रिंगेला थांबा नाही. सोसेल त्यापेक्षा जास्त ओढली की वेढे कायमचे उघडतात. काम नसताना वेढ्यांत फट दिसू लागली की ती स्प्रिंग संपली समजावी.

थांबा असलेली स्प्रिंग हवी असेल तर ड्रॉबार स्प्रिंग घ्यावी. हिची युक्ती मोठी गमतीची आहे. मुळात ही दाबाची स्प्रिंग, वेढे मोकळे मोकळे. तिच्या पोकळीतून दोन्ही बाजूंनी यू आकाराचे दोन गज घातलेले असतात आणि प्रत्येक गजाचे पाय पलीकडच्या टोकाला अडकवलेले असतात. त्यामुळे गज बाहेर ओढले की स्प्रिंग आत दाबली जाते. ओढ फारच वाढला तर वेढे एकमेकांना टेकतात आणि पुढे सगळे घट्ट! स्प्रिंग मोडली तरी गज तिला दोन्हीकडून कवटाळून असतात, म्हणून टांगलेले वजन एकदम खाली येत नाही. ही महाग पडते, जागा जास्त घेते आणि आटोपशीर अंतरापुरतीच चालते, हे खरे. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो: नावात ड्रॉबार आहे म्हणून ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉलीच्या मध्ये अडकवण्याची ही वस्तू नव्हे. तिथे योग्य मापाची पिनच हवी.

क्लचच्या किंवा ब्रेकच्या पायटीला परत ओढणारी स्प्रिंग साधी, आकड्याची असली तरी चालते. फक्त ती वेळच्या वेळी बदलावी. पण जिथे मोडल्यावर कुणाच्या अंगावर काही पडणार, तिथे साध्या स्प्रिंगेवर विसंबू नये. सगळ्यात आधी आम्हाला आठवते ती लहान मुलाची झोळी. झोळीला स्प्रिंग टांगण्याची चाल आता घराघरांत आहे आणि बहुतेक ठिकाणी ती आकड्याचीच असते. रोज शेकडो वेळा ती खालीवर होते आणि भेग आतल्या आत वाढते, वरून काही कळत नाही. बायाबापड्यांना आमचे सांगणे एवढेच की एक तर ड्रॉबार पद्धतीची स्प्रिंग लावा, नाही तर साध्या स्प्रिंगेबरोबर वरच्या कडीपासून खालच्या कडीपर्यंत साखळी किंवा मजबूत दोर बांधा. दोर इतकाच सैल असावा की स्प्रिंगेला खेळता येईल, आणि ती मोडली तर झोळी चार बोटांच्या वर खाली येणार नाही.

दुकानात जाताना तारेची जाडी व्हर्निअरने मोजून न्यावी. बाहेरचा व्यास, वेढे किती, आकड्याच्या आतून आतपर्यंत लांबी आणि दोन्ही आकडे एका रेषेत आहेत की आडवे, हेही लिहून न्यावे. लहान स्प्रिंगेचा ओढ घरीच कळतो. ती टांगून वजन लावत जावे. समजा १० किलोपर्यंत वेढे उघडलेच नाहीत, १५ किलोला १० मिलिमीटर आणि २० किलोला २० मिलिमीटर ताण दिसला; तर सुरुवातीचा ताण १० किलो आणि पुढे मिलिमीटरला अर्धा किलो. हे दोन आकडे सांगितले की कारागीर चुकत नाही. करून घेत असाल तर तार आयएस ४४५४ प्रमाणाची मागावी.

मोडलेला आकडा वेल्डिंग करून जोडणे, किंवा शेवटचा वेढा तापवून नवा आकडा वळवणे, हे गावोगाव चालते. तापलेल्या जागी पोलादाचे पाणी उतरते. आकडा आठवडाभरात उघडतो. शिवाय एक-दोन वेढे गेल्याने स्प्रिंग ताठ होते. आठ वेढ्यांची सहा वेढ्यांची झाली तर सव्वापटीहून अधिक.

काढताना मात्र घाई नको. ताणलेली स्प्रिंग सुटली की सरळ रेषेत उडते, म्हणून त्या रेषेत तोंड ठेवू नये आणि पोराला "धर रे" म्हणून समोर उभे करू नये. आधी नटबोल्ट सैल करून ताण उतरवावा, मग आकडा सोडवावा. जुनी स्प्रिंग लगेच भंगारात देऊ नका. नवी बसून चार दिवस चालेपर्यंत ती मापासाठी घरात असू द्या.