बालवाडीत परतणारं मूल आणि मोठ्यांचे गैरसमज

कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. बालवाडीपासूनचे वर्ग पुन्हा भरवायला शासनाने परवानगी दिली ती २४ जानेवारी २०२२ पासून. मधल्या बावीस महिन्यांत तीन वर्षांची मुलं पाचाच्या घरात आली. त्यांच्यातल्या अनेकांना बालवाडीची ताई भेटली ती आईच्या मोबाइलवरच. ही मुलं वर्गात आली तेव्हा घरोघरी जी वाक्यं ऐकू येत होती, ती आजही दर जूनमध्ये ऐकू येतात. लांबलेलं आजारपण, वडिलांची बदली, आईचं बाळंतपण अशा कारणांनी काही महिने घरीच शिकलेल्या मुलाला परत पाठवताना तर हमखास. ही वाक्यं मायेपोटीच येतात, पण त्यातली बरीचशी चुकीची असतात आणि त्यांचा त्रास मुलाला होतो.

‘घरी सगळं शिकलाय, त्याला जड जाणार नाही.’ अक्षरं, आकडे, रंग, बडबडगीतं घरी उत्तम येतात, यात शंका नाही. बालवाडीत मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्याच गोष्टी लागतात. घसरगुंडीवर आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. ताई सगळ्यांना काही सांगत असताना ते आपल्यालाही सांगतेय हे ओळखायचं. हवं ते तोंडाने मागायचं. घरी आजीला नुसत्या चेहऱ्यावरून कळतं. वर्गातल्या ताईला पंचवीस चेहरे असतात. म्हणून शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत पाढ्यांपेक्षा डब्याचं झाकण उघडण्याचा, चपलेचा पट्टा लावण्याचा, चड्डी वर-खाली करण्याचा सराव जास्त उपयोगी. घरी कमोडची सवय असलेली काही मुलं शाळेतल्या साध्या संडासाला बिचकतात आणि घरी येईपर्यंत शू दाबून ठेवतात. शाळेतली ती जागा आधी एकदा दाखवून आणावी, हे फार थोड्या पालकांना सुचतं.

‘मागे पडलाय, शिकवणी लावून टाकू.’ मला हा सगळ्यांत नुकसानकारक गैरसमज वाटतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि त्याचा आधार खेळ हा आहे. बालवाडी न पाहताच पहिलीत आलेल्या मुलांचाही विचार करून एनसीईआरटीने २०२१ मध्ये ‘विद्या प्रवेश’ हा कार्यक्रम दिला. तो आहे तीन महिन्यांच्या खेळाधारित तयारीचा. पाठांतराला त्यात जागा नाही. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी वयाची सहा वर्षं पूर्ण झालेली लागतात, त्यामुळे घाई करण्याचं कारणही नाही. राहून गेलेलं काही असेल तर ते बोटांत असतं. पडद्यावर बोट फिरवणाऱ्या हाताला पेन्सिल पेलायला कणीक मळणं, कागद फाडणं, शेंगा सोलणं, मणी ओवणं हवं. संध्याकाळच्या शिकवणीऐवजी हे करू द्या आणि नंतर मैदानावर पळू द्या.

आता रडण्याविषयी.

‘रडू नये म्हणून नजर चुकवून निघून यायचं.’ हा सल्ला शेजारीण देते, सासूबाई देतात, कधी कधी शाळेतल्या मावशीही देतात. त्याने त्या सकाळचं रडणं वाचल्यासारखं वाटतं. पण खेळता खेळता मूल मागे वळून बघतं आणि आई नसते. त्यातून ते एवढंच शिकतं की लक्ष दुसरीकडे गेलं की आई नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी ते खेळायला जातच नाही, पदर घट्ट धरून बसतं. घरीसुद्धा आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी उभं राहतं.

म्हणून सांगून निघावं. निरोप छोटा असावा आणि रोज एकसारखा: एक पापा, हात हलवणं, ‘डबा खाऊन झाला की मी येते.’ चार वर्षांच्या मुलाला ‘साडेबारा वाजता’ याचा अर्थ लागत नाही. ‘डबा खाल्ल्यावर’ याचा लागतो. जे सांगितलं ते तंतोतंत पाळावं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं आधी पोचलेलं बरं, उशीर नको. निरोप दिल्यावर परत फिरू नये, खिडकीतून डोकावू नये. आपल्यालाच भरून आलं तर फाटकाबाहेर गेल्यावर रडावं. मूल आपल्या चेहऱ्यावरून ठरवतं की ही जागा बिनधोक आहे की नाही.

‘रोज रडतो म्हणजे त्याला शाळा आवडत नाही, चार दिवस घरी ठेवू.’ फाटकाशी रडणारी कितीतरी मुलं थोड्याच वेळात मातीत रमलेली असतात. त्यामुळे ‘रडला का?’ याऐवजी ‘किती वेळाने शांत झाला?’ हे ताईला विचारावं. तो वेळ दिवसागणिक कमी होत असेल तर मूल रुळतंय. मध्येच दोन-तीन दिवस घरी ठेवलं की ही सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. सुट्टीनंतरच्या सोमवारी रडणं वाढतं, तेही याचमुळे.

शाळेत शहाण्यासारखं वागणारं मूल घरी आल्यावर आदळआपट करतं, सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात जातो, एखाद्या रात्री अंथरूण ओलं होतं. ‘शाळेने बिघडवला’ असं लगेच ठरवू नये. दिवसभर धरून ठेवलेला ताण ते आपल्या माणसांपाशी सोडतं. या वयाला रात्रीची आणि दुपारची मिळून दहा तासांहून जास्त झोप लागते; ती मिळाली की निम्मी चिडचिड ओसरते. सर्दी-खोकल्याचंही तसंच आहे. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, आणि बराच काळ घरात राहिलेल्या मुलाला ती सुरुवातीला लागोपाठ होऊ शकते. पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा बूस्टर राहिला आहे का, तेवढं कार्डावर बघून घ्यावं.

काही खुणा मात्र ‘रुळेल हळूहळू’ म्हणून सोडून द्यायच्या नसतात. महिना उलटला तरी मूल वर्गात जेवत नाही, बोलत नाही, रोज सकाळी पोटात दुखतं किंवा उलटी होते, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. एखाद्याच माणसाचं नाव काढलं की मूल गप्प होत असेल, मारल्याचं किंवा नको तिथे हात लावल्याचं सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवून त्याच दिवशी पावलं उचलावीत. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी त्यासाठीच आहे.

राहिला शेवटचा समज, ‘जुळवून घ्यायचं ते मुलाने.’ बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. जुळवून घेतलं ते शाळेने. आजच्या बालवाड्यांना त्याच्या शतांशानेही करता येण्याजोगं आहे: परतणाऱ्या मुलाचा पहिला आठवडा तास-दीड तासाचा ठेवावा, पहिले दोन-तीन दिवस आईला, बाबांना किंवा आजीला वर्गाच्या कोपऱ्यात बसू द्यावं, रोज त्याला घ्यायला दारात तीच ताई असावी. पालकांनी प्रवेशाच्या वेळी फी आणि गणवेशाबरोबर हेही विचारावं, आणि शाळा ‘आमच्याकडे पालकांना आत सोडत नाहीत’ म्हणाली तर पुन्हा विचारावं.