पेशीची पकड

अम्मीच्या टाचेला जखम झाली. मधुमेह जुना, त्यामुळे ती भरेना. ड्रेसिंग बदलताना मी रोज पाहायचो, कडेची गुलाबी कातडी केसभरही पुढे सरकलेली नसे. ‘सरकलेली’ हा शब्द डॉक्टरांचा. जखमेच्या काठावरच्या पेशी अक्षरशः सरपटत आत येतात, मधुमेहात त्यांची चाल मंदावते, असं ते म्हणाले. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. पाय नसलेली पेशी चालते कशी, हे शोधायला मला पुस्तकं धुंडाळावी लागली.

पेशीच्या आत ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचा सांगाडा असतो. तो हाडांसारखा कायमचा नसतो. मांडवासारखा इथे मोडायचा, तिथे उभारायचा, वासे तेच. पण कुठे उभारायचा? मला वाटलं, केंद्रातून हुकूम सुटत असेल. प्रत्यक्षात बरीचशी खबर पकडीतून येते.

पेशीच्या आवरणात इंटिग्रिन नावाची प्रथिनं आरपार बसलेली असतात. हे नाव रिचर्ड हाइन्स आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दिलं. त्यांचं एक टोक बाहेरच्या तंतूंना धरतं, दुसरं इतर प्रथिनांमार्फत सांगाड्याला जोडलेलं असतं. बाहेर आधार लागला की आत निरोप जातो. निरोपे पुष्कळ, त्यांतले दोन म्हणजे रॅक आणि रो. ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी 1992 मध्ये लंडनमध्ये दाखवलं, की रॅक जागा झाला की पेशीची कड पातळ पडद्यासारखी पसरते; रो जागा झाला की धाग्यांचे जाड दोर वळले जातात. हे दोर आकसतात आणि पेशीचं अंग ओढलं जातं.

माडावर चढणारा माणूस आठवा. पकड सैल झाली तर तो पडणार, पण वरच्या पकडीवर भार देऊन खालची सोडलीच नाही, तर तिथेच लटकून राहणार. पेशीचंही तसंच. फार चिकट जागी ती अडकते, निसरड्या जागी तिला जोर मिळत नाही. मधल्या चिकटपणावर ती सर्वांत वेगानं चालते. मागची पकड सोडणं हेही चालण्याचंच काम आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. (कर्करोगाच्या पेशीही हीच चाल वापरून पसरतात, ती गोष्ट वेगळी.)

अम्मी मात्र ओट्यापाशी उभी राहायचं सोडेना. टाचेवर भार पडला की नवी कातडी चिरडते, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. “एवढ्या बारीक पेशी चालतात, आणि मी बसून राहू?” ती म्हणाली. शेवटी कांदा चिरायला तिला खुर्ची दिली. जखम भरायला पाच महिने लागले.