हजेरीपट आणि आजारी माणूस

लांबलेल्या आजारपणात नोकरी जाते, तेव्हा हातात पडणाऱ्या पत्रात कर्करोग, क्षय किंवा मूत्रपिंड हे शब्द क्वचितच असतात. तिथे तारखा असतात. अमुक दिवसापासून आपण परवानगीशिवाय गैरहजर आहात, दोनदा कळवूनही रुजू झाला नाहीत, सबब आपलं नाव पटावरून कमी करण्यात येत आहे. दवाखान्यात जो वैद्यकीय प्रश्न होता, तो कार्यालयात पोचेपर्यंत शिस्तीचा प्रश्न झालेला असतो. आपल्याकडे आजारी नोकरदाराला कायद्याचं संरक्षण अपुरं आहे हे खरं. पण जे संरक्षण आहे तेही बऱ्याचदा या एका बदलामुळे हातातून निसटतं. आजारी माणसाच्या नोकरीचा निर्णय त्याची प्रकृती, बरं होण्याची शक्यता आणि त्याला झेपेल असं काम यांवरून व्हायला हवा. प्रत्यक्षात तो मस्टरवरच्या रिकाम्या रकान्यांवरून होतो.

स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये, कर्मचारी राज्य विमा कायदा झाला तेव्हा आजारपणात नोकरी जाण्याची ही भीती कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. या योजनेत विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या 70 टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या 34 दीर्घ आजारांत, ठरावीक नोकरी झालेली असेल तर, हा लाभ 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लांबू शकतो. पण नुसत्या पैशावर भागणार नाही हे ओळखून त्याच कायद्यात कलम 73 घातलं गेलं. कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालकाने त्याला बडतर्फ करू नये, कामावरून कमी करू नये, शिक्षाही करू नये. त्या काळात दिलेली नोटीस चालणार नाही, असं ते कलम. उपचार चालू असलेल्या कामगाराला सेवाशर्तींप्रमाणे कमी करायचं झालंच, तर साधारण आजारात सलग सहा महिने आणि क्षयासारख्या आजारात अठरा महिने उलटल्याशिवाय ते करता येणार नाही, असं नियमावलीत आलं. शिस्तीच्या तराजूत आजार घालायचा नाही, त्याला त्याचा वेळ द्यायचा, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो.

या भिंतीला भगदाड पडलं ते स्थायी आदेशांमुळे, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांमुळे. सलग आठ दिवस विनापरवानगी गैरहजर राहणारा कामगार आपण होऊन नोकरी सोडून गेला असं समजावं, अशी तरतूद गिरण्या-कारखान्यांच्या स्थायी आदेशांत असे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतल्या एका कामगाराचं प्रकरण 1960 च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रजेनंतर तो कामावर परतला नव्हता आणि आपण आजारी होतो असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने कलम 73 चा अर्थ अरुंद लावला. मालकाने स्वतः उचललेल्या पावलाला हे कलम अडवतं. स्थायी आदेशानुसार नोकरी आपोआप संपत असेल तर तिथे ते आड येत नाही, असा त्याचा आशय. तापाने फणफणलेला, गावी अंथरुणाला खिळलेला माणूस आपण होऊन नोकरी सोडतो, हे मानायला फार मोठं धाडस लागतं. तरी पुढची कित्येक वर्षं हाच अर्थ कामगारांच्या विरोधात वापरला गेला. 1993 मध्ये डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या निकालात न्यायालयाने दिशा बदलली. स्थायी आदेशात काहीही लिहिलेलं असो, म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आणि चौकशीशिवाय कुणाचं नाव पटावरून काढता येणार नाही, कारण उपजीविका हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्या निकालाने सांगितलं. 2012 मध्ये कृष्णकांत परमार प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही. आजारपण, अपघात, इस्पितळात दाखल होणं अशा कारणांनी माणूस येऊ शकला नसेल तर त्याला कर्तव्यच्युत म्हणता येणार नाही. नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या आहेत आणि त्यांतल्या कलमांचा अर्थ न्यायालयांत अजून घासूनपुसून निघायचा आहे. पण 1993 च्या निकालाचा पाया राज्यघटनेत आहे, त्यामुळे कायदा बदलला म्हणून तो मोडीत निघत नाही.

चौकशी झाली, आजार खरा ठरला, तरी पुढचा प्रश्न उरतोच: माणूस पूर्वीचं काम करू शकत नसेल तर? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने सततच्या अनारोग्यामुळे केलेली सेवासमाप्ती कामगार कपातीच्या व्याख्येबाहेर ठेवली होती. कपातीत जी भरपाई द्यावी लागे, तीही मग मिळत नसे. राजस्थान राज्य परिवहन महामंडळाच्या काही चालकांची दृष्टी अधू झाली म्हणून त्यांना घरी पाठवलं गेलं, तेव्हा हा प्रश्न आनंद बिहारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. व्याख्येनुसार ही कपात नव्हे, हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही वर्षानुवर्षं रस्त्यावर डोळे ताणून ज्यांची नजर गेली त्यांना असं सोडून देणं अन्यायाचं आहे, पर्यायी काम द्या आणि ते नसेल तर सेवेच्या प्रमाणात जादा भरपाई द्या, असा मार्ग काढला. आपल्या एसटीतल्या चालक-वाहकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये एचआयव्हीबाधित कामगाराच्या प्रकरणात हेच सूत्र नेमकेपणाने मांडलं: निदान काय आहे यावर नोकरी ठरत नाही, माणूस काम करण्यास सक्षम आहे का आणि इतरांना त्याच्यापासून खरा धोका आहे का, एवढंच पाहायचं. या लेखाचा सगळा भर ज्या विचारावर आहे, तो इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे मांडलेला मला दिसत नाही.

सरकारी सेवकाच्या बाबतीत हे सूत्र कायद्यातच उतरलं आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 20 नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं, तसं पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं. पण हे बंधन फक्त सरकारी आस्थापनांवर आहे. शिवाय कायद्याच्या यादीत 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत; त्यांत पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पण मूत्रपिंड निकामी होणं नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस चार-चार तास डायलिसिसवर असणारा माणूस उरलेल्या दिवसांत हिशेब लिहू शकतो, फोनवर ग्राहकांशी बोलू शकतो. मात्र त्याला तसं करू द्यावं असं खाजगी मालकाला ठणकावून सांगणारी तरतूद नाही.

सर्वांत उघडा पडतो तो मधला नोकरदार. राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा 2017 पासून महिना 21,000 रुपये आहे. त्याच्या वर पगार गेला की आजारपणाचा लाभ नाही आणि त्याला जोडलेलं संरक्षणही नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत आणि अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. केमोथेरपीची आवर्तनं सहा महिने चालली तर ही शिल्लक पहिल्या टप्प्यातच संपते. हिंजवडीतला किंवा अंधेरीतला व्यवस्थापक कायद्याच्या अर्थाने कामगारही ठरत नाही. त्याच्या पाठीशी असतो फक्त नेमणुकीचा करार, आणि करारात लिहिलेलं असतं की एक ते तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार दिला की संबंध संपला. नोकरीबरोबर कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही जातो, म्हणजे उपचार ऐन भरात असताना ते थांबण्याची वेळ येते. निरोगी माणसाची नोकरी गेली तर त्याला दुसरी शोधता येते. डोक्यावरचे केस गेलेल्या, पुढची तपासणी तीन आठवड्यांवर असलेल्या माणसाला मुलाखतीला कोण बोलावणार?

मालकाची बाजू पोकळ नाही. आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये एकमेव टर्नर वर्षभर आला नाही तर काम अडतं, ऑर्डर हातची जाते, उरलेल्या सातांचा पगारही धोक्यात येतो. म्हणून अनंतकाळ वाट पाहा अशी मागणी कुणी करू नये, आणि कलम 73 नेही ती केली नव्हती. त्याच कायद्याच्या नियमावलीने मुदत घालून दिली होती. वाट पाहण्याचा भार कुणी उचलायचा हा त्यातला खरा प्रश्न. नेदरलँड्समध्ये आजारपणाची पहिली दोन वर्षं कामगाराला काढता येत नाही आणि मालकाला किमान 70 टक्के वेतन द्यावं लागतं. लहान मालक त्यासाठी विमा उतरवतात. त्याच वेळी कामावर परतण्याच्या प्रयत्नांत कामगाराने सहकार्य केलं नाही तर त्याचं वेतन रोखता येतं. तेवढी रक्कम आपल्या लहान कारखानदाराला पेलणार नाही. मात्र जोखीम विम्याने वाटून घेण्याची कल्पना आपल्याकडे 1948 पासून आहे. ती 21,000 रुपयांच्या रेषेवर अडवण्याचं कारण नाही. दुसरा आक्षेप खोट्या सर्टिफिकेटांचा. ती मिळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावरचा इलाज वैद्यकीय मंडळाकडून किंवा शासकीय रुग्णालयातून तपासणी हा आहे. संशय आला म्हणून न तपासताच नाव कापलं की लबाड आणि आजारी दोघांनाही एकच शिक्षा होते. आजारपणातली तात्पुरती अनुपस्थिती हे नोकरी संपवण्याचं वैध कारण नव्हे, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1982 च्या 158 व्या करारात म्हटलं आहे. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही.

कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. आज ज्याच्यावर ही वेळ आली आहे, त्याने आपला आजार हजेरीपटात हरवू देता कामा नये. पहिल्या आठवड्यातच लेखी रजाअर्ज, सोबत डॉक्टरांचा दाखला, आणि तो साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून न थांबता ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवणं. दाखल्याची मुदत संपण्याआधी पुढचा दाखला. रुजू होण्याची नोटीस आली तर कितीही थकवा असला तरी तिला लेखी उत्तर. हे काम रुग्णाला स्वतःला जमत नसतं, घरातल्या कुणीतरी ते आपल्याकडे घ्यावं. थोडं बरं वाटू लागलं की हलकं काम, कमी तास किंवा घरून काम मिळावं अशी मागणीही कागदावरच करावी, म्हणजे काम करण्याची तयारी होती हे पुढे दाखवता येतं. आणि 'तुमच्याच भल्यासाठी, रेकॉर्ड स्वच्छ राहील' असं सांगून राजीनाम्याचा कागद पुढे केला जातो, तेव्हा त्यावर लगेच सही करू नये. उपदानासाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, एरवी पाच वर्षांची सेवा लागते, पण मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ही अट कायद्यानेच शिथिल केलेली आहे. 'वैयक्तिक कारणास्तव' असा राजीनामा दिलेल्या चार वर्षांच्या नोकरदाराला ती सवलत मागायला जागा राहत नाही. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा एखाद्या युनियनच्या वकिलाकडे तो कागद आधी दाखवावा.